पाणाड्याच्या नारळामागे काही शास्त्र आहे का? एका पायाळूचं उत्तर

पुण्याहून प्रश्न विचारणाऱ्याचे वडील जालना जिल्ह्यात शेती करतात. मोसंबीची बाग वाळायला लागली आहे, पुढच्या आठवड्यात पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा माणूस, येणार आहे आणि त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहील तिथे बोअर पाडायचं ठरलंय. नारळ उभा राहण्यामागे काही शास्त्रीय कारण आहे का आणि वडिलांना कसं समजवायचं, असं विचारलंय.

पहिल्याचं उत्तर: पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. दुसरं मला माझ्याच घरात तीस वर्षांत जमलेलं नाही. तरी लिहितो, कारण मी स्वतः पायाळू, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला आहे आणि वयाच्या नवव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत लोकांना पाणी दाखवत फिरलोय.

गाव केज तालुक्यातलं, बालाघाटाच्या उतारावरचं. जन्म १९७९ चा. लहानपणी कुणाच्या पाठीत उसण भरली की तो आमच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा आणि मी त्याच्या कमरेवर तीन लाथा मारायच्या. वळवाच्या विजा सुरू झाल्या की आई मला आतल्या खोलीत कोंडायची, कारण पायाळूवर वीज पडते. आणि गावात अनोळखी माणूस दिसला की ती मला हाक मारून घरात घ्यायची. गुप्तधन काढणारे पायाळू लेकरं शोधत फिरतात, हे तिने ऐकलेलं होतं. ही भीती उगीच नव्हती. २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि पाण्याच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं आली आहेत. मी ते वाचलं तेव्हा मला पहिली आठवण झाली ती आईच्या त्या हाकेची.

१९८८ च्या उन्हाळ्यात आबांनी बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्या म्हातारा होता. मला बघून म्हणाला, ‘घरात पायाळू लेकरू असताना मला कशाला बोलावलं?’ त्याने माझ्या चपला काढायला लावल्या, तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि म्हणाला, चाल. मागे आबा, थोरले भाऊ म्हणजे अण्णा, आणि अर्धी भावकी. ओढ्याच्या काठी उंबराजवळ आलो आणि नारळ शेंडी वर करून उभा राहिला. मी तो उभा केला नव्हता. हे नीट वाचा, कारण पाणाड्याला सरसकट लबाड म्हणणाऱ्यांना हीच गोष्ट कळत नाही. नारळ आपण होऊन उठतोय असं मला हातात स्पष्ट जाणवलं होतं. अंगावर काटा आला होता.

९० फुटांवर पाणी लागलं, १४० ला बोअरची गाडी थांबवली. दोन इंच पाणी. आबांनी मला खांद्यावर घेतलं. नऊ वर्षांच्या पोराला मोठ्या माणसांनी वाट करून द्यावी, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला त्याची ओढ कळणार नाही. पुढची चार वर्षं मला आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं. मोबदला म्हणजे टॉवेल, टोपी, नारळ आणि अकरा रुपये. काही ठिकाणी पाणी लागलं, काही ठिकाणी नाही. लागलेल्यांची नावं आमच्या घरात पाठ होती. न लागलेल्यांचा विषय निघत नसे.

१९९२ मध्ये मामांनी बोलावलं. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात त्यांचं सहा एकर माळरान, सगळं कोरडवाहू. बोअरसाठी मामींनी पाटल्या मोडल्या होत्या. मी तासभर अनवाणी फिरलो. नारळ एका बाभळीजवळ उभा राहिला. गाडी लागली, १८० फुटांपर्यंत नुसता फुफाटा. मामांनी विचारलं, अजून ५० फूट जाऊ का? ते मला विचारत होते. तेरा वर्षांच्या पोराला. मी हो म्हणालो. २३० पर्यंत काळ्या दगडाची भुकटीच वर येत राहिली. मग मी दुसरी जागा दाखवली. तिथे २१० फूट, पुन्हा धुरळा. गाडीवाल्याने पैसे मोजून घेतले आणि रात्रीच्या आत निघून गेला, कारण त्याचा हिशोब फुटावर होता, पाण्यावर नव्हता.

त्या रात्री मामींनी पहिलं ताट मला वाढलं. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवाळीनंतर मामा-मामी कोयता घेऊन कारखान्याला गेले आणि पुढे सहा हंगाम जात राहिले.

घरी मात्र कारणं तयार होती. पोराचा आवाज फुटला, आता त्याचं पायाळूपण उतरलं. मामांच्या बांधावर कुणाची तरी करणी होती. अण्णांचं कारण सगळ्यांत लागलं मला. ते म्हणाले, ‘तू शाळेत जाऊन शंका घ्यायला लागलास, म्हणून पाणी हाललं.’ अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. तो वाद तिथे सुरू झाला.

मी शंका घेतली नव्हती. घ्यायला लागलो ती त्यानंतर. आमच्या विज्ञानाच्या सरांना जाऊन सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, रविवारी नारळ घेऊन ये. शाळेच्या मैदानाखालून टाकीपासून मुतारीपर्यंत पाण्याचा पाइप पुरलेला होता, कुठून जातो ते त्यांना माहीत होतं, मला नाही. पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी चालवलं. नळाजवळ हिरवळ होती, तिथे नारळ उभा राहिला. तीन वेळा चालवलं, तीनही वेळा तिथेच. मग त्यांनी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला, दोन वेळा जागेवर गोल फिरवलं आणि हाताला धरून चालवलं. नारळ उभा राहिला की ते खडूने फुली मारायचे. रुमाल सोडला तेव्हा मैदानभर सात फुल्या होत्या, एकही दुसरीच्या जवळ नव्हती, आणि पाइप मी किती तरी वेळा ओलांडला होता. मी रडलो. सर म्हणाले, ‘तू खोटं बोलत नव्हतास. तुझे डोळे हाताला सांगत होते आणि तुला ते ऐकू येत नव्हतं.’

याला शास्त्रात नाव आहे. विल्यम कारपेंटर यांनी १८५२ मध्ये ते दिलं: आयडिओमोटर क्रिया. मनात अपेक्षा असली की स्नायू बारीक हलतात आणि हलवणाऱ्यालाच पत्ता लागत नाही. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी टेबलाभोवती बसून आत्मे बोलावणाऱ्यांवर प्रयोग केला आणि टेबल फिरतं ते त्याच प्रामाणिक माणसांच्या हातांच्या जोराने, हे दाखवलं. नारळाला तर जोरही लागत नाही. आखडलेल्या तळव्यावर तो आधीच डगमगत असतो, मनगट केसभर कललं की उठतो. उंबराची बेचकी, तांब्याच्या सळ्या, दोऱ्याला टांगलेला लोलक, सगळं त्याच जातीचं: जरा हात हलला की मोठी हालचाल दिसेल अशी वस्तू.

म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये सरकारी पैशातून यावर मोठा प्रयोग झाला. सुमारे ५०० पाणाड्यांमधून ४३ चांगले निवडले. कोठाराच्या तळमजल्यावर गाड्यावर पाण्याचा पाइप, तो १० मीटरच्या रेषेवर कुठेही सरकवायचा, आणि वरच्या मजल्यावर पाणाड्याने चालत जाऊन सांगायचं की पाणी नेमकं कुठे आहे. अशा ८४३ फेऱ्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी सांगितलं, बहुतेकांना जमलं नाही, पण पाचसहा जणांना काहीतरी कळतं. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा मांडले. त्या निवडक लोकांतला पहिल्या फेरीत बरोबर आलेला माणूस पुढच्या फेरीत चुकत होता. आणि सगळ्यांत उत्तम ठरवलेला पाणाडी, दर वेळी डोळे झाकून ‘मधोमध’ म्हणणाऱ्यापेक्षा सरासरी ४ मिलिमीटरने सरस होता. १० मीटरमध्ये ४ मिलिमीटर. हे वाचलं तेव्हा मला ते कोठार नाही, आमच्या मैदानावरच्या सात फुल्या दिसल्या.

आता तुम्ही म्हणाल, मग उंबराजवळ पाणी लागलं कसं? अण्णांचाही हाच प्रश्न आहे, आजही. त्यांचं सगळं म्हणणं त्या एका बोअरवर उभं आहे. तर अण्णा, आणि तुमचे वडील, दोघांसाठी लिहितो.

मराठवाड्याखाली बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, ज्याला बोअरवाले मांजऱ्या म्हणतात, आणि पोटात घट्ट काळा पाषाण. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल गेरूचा पट्टा. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. पाणाडे सांगतात तशा धारा आणि जमिनीखालच्या नद्या आपल्या दगडात वाहत नाहीत. म्हणजे लवणात, ओढ्याकाठी, पाझर तलावाच्या खालच्या अंगाला, जिथे मुरूम जाड आहे तिथे बऱ्यापैकी पावसाच्या वर्षी कुठेही भोक पाडलं तरी थोडंफार पाणी लागतं. आमचं उंबर नेमकं तसंच होतं, वरच्या बाजूला पाझर तलाव. त्या रांगेतल्या सगळ्या विहिरींना पाणी होतं. मी त्या ओढ्यात खेळून वाढलो, उन्हाळ्यात लव्हाळा कुठे हिरवा राहतो ते मला ठाऊक होतं. मामांचा माळ मला ठाऊक नव्हता आणि माळाखाली मुरूमच नव्हता. पायाळूपण दोन्हीकडे सारखंच होतं.

उंबर, वारूळ, जांभूळ यांवरून पाण्याचा अंदाज बांधणं मी अंधश्रद्धेत धरत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर दकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे. त्यातलं सगळं बरोबर नसेल, पण ते बघून सांगणं आहे, तपासता येतं, चुकलं तर चुकलं म्हणता येतं. नारळ चुकला असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. धार दोन हात बाजूला सरकली, गाडीच्या दणक्याने पाणी फिरलं, घरात विटाळ होता, अजून ५० फूट जा. या ‘अजून ५० फूट’ने मराठवाड्यातली जितकी घरं बुडवली तितकी दुष्काळाने बुडवली नसतील, असं मला वाटतं. मी आज पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरण्याचं दुकान चालवतो. बोअरमधून मोटार वर ओढताना पाइप मोजावे लागतात, त्यामुळे कोण किती खोल गेलाय ते मला कळतं. बेसाल्टमध्ये खाली जावं तशा भेगा कमी होत जातात, आणि तिथे लागलेलं पाणी वर्षानुवर्षांचं साठलेलं असतं, उपसलं की लवकर भरत नाही. कायद्यानेही ६० मीटरच्या, म्हणजे २०० फुटांच्या खाली जाण्यावर बंधनं घातलीत, ती याच कारणाने. पाळतो कोण, हा वेगळा विषय.

२०१४ ला पाऊस दगा देऊन गेला, २०१५ ला पुन्हा. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या काळात उंबराजवळचा बोअरही आटला. अण्णांचा ऊस उभा होता. त्यांनी तीन बोअर पाडले: ४२० फूट, ५१० फूट, ३८० फूट. पहिला नारळवाल्याने दाखवला, दुसरा सळ्यावाल्याने, तिसरा ‘ओ पॉझिटिव्ह’ रक्ताच्या माणसाने, ज्याच्या म्हणे पायाला झिणझिण्या येतात. तिन्ही कोरडे. मग एका संध्याकाळी अण्णा माझ्या दुकानात आले. टॉवेलात नारळ गुंडाळलेला होता. म्हणाले, ‘उद्या सकाळी अनवाणी ये.’

मी नाही म्हणालो. चौथा बोअर पाडू नका, हवं तर टँकरचे पैसे मी देतो, असंही म्हणालो. ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, ‘तुह्या पायात पाणी हाय, अन् सख्ख्या भावाला द्यायला तुला जड जायलंय.’ चौथा बोअर त्यांनी ६०० फूट नेला. तोही कोरडा. पुढे दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं, आणि भावकीत अजूनही असंच सांगितलं जातं की धाकट्याने पाणी दिलं नाही. मी गेलो असतो तर वावरात कुठे तरी नारळ उभा राहिला असता, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच गेलो नाही.

अण्णांना मी एक हिशोब बऱ्याचदा घातलाय, तो तुम्हीही वडिलांना घालून बघा. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळंतपणांत तीनचार बाळं पायाकडून किंवा कुल्ल्याकडून यायच्या बेतात असतात. म्हणजे पायाळू हजारात एक नव्हे, दर मोठ्या गावात दहा-वीस तरी असायला हवेत. त्यांच्या पायात पाणी असतं तर मिरजेची रेल्वे कशाला लागली असती? अण्णा यावर म्हणतात, सगळ्यांना देणगी नसते. पण ती देणगी कुणाला आहे हे पाणी लागल्यावरच कळणार असेल, तर मग बोअर पाडण्याआधी नारळाचा उपयोग काय?

तुमच्या वडिलांबद्दल. कायद्याचा धाक दाखवू नका, साधा नारळ धरणं हा गुन्हा नाही आणि धाकाने म्हातारी माणसं हट्टाला पेटतात. पाणाड्याला यायला नाहीही म्हणू नका. येऊ द्या, जागा दाखवू द्या, तिथे गपचूप खुंटी ठोका. मग चहा झाल्यावर त्याच्याच डोळ्यांवर वडिलांच्या हाताने उपरणं बांधा आणि पुन्हा चालवा. वडिलांनी ते स्वतः बघितलं पाहिजे. तुम्ही पुण्याहून फोनवर सांगितलेलं त्यांच्या गळी उतरणार नाही. माझं अण्णांच्या बाबतीत हेच चुकलं. मी बोलत राहिलो, त्यांच्या हातात कधी रुमाल दिला नाही.

आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जा. त्यांच्या निरीक्षण विहिरी असतात, पातळ्यांच्या नोंदी असतात. तुमच्या शिवारात वरचा मुरूम किती जाड आहे, एवढं विचारलं तरी पुष्कळ. विद्युत प्रतिरोध सर्वेक्षण करून घ्या. चार खुंट्या एका ओळीत रोवतात, बाहेरच्या दोनमधून वीज सोडतात, आतल्या दोनमध्ये दाब मोजतात. अंतर वाढवत नेलं की खोलवरचं कळत जातं. कोरडा पाषाण विजेला अडवतो, ओला झिजलेला खडक वाट देतो. हे यंत्रही चुकतं, ते सांगायला हवं. चिकणमातीही विजेला वाट देते, आणि अरुंद भेग त्याला दिसत नाही. मशीनच्या नावाखाली पैसे उकळणारेही आता गावोगाव फिरतात. पण नीट सर्वेक्षण करणारा माणूस कधी कधी म्हणतो की इथे पाडू नका. नारळाने ते मला चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही. मामांच्या माळावर कुणी तरी ते सांगायला हवं होतं.

मोसंबीपुरतं म्हणाल तर बागेला आच्छादन करा, यंदा फळ धरू नका, झाडं जगवा. तुमची जमीन मी बघितलेली नाही, त्यामुळे बोअर घ्याच किंवा घेऊ नकाच, असं मी म्हणत नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी अण्णांच्या सुनेच्या सोनोग्राफीत बाळ पायाकडून आहे असं दिसलं. डॉक्टरांनी आंबेजोगाईला सिझेरियन केलं, दोघंही सुखरूप आहेत. अण्णांनी मला फोन करून विचारलं, ‘पोट कापून काढलेलं लेकरू पायाळू धरायचं का रे?’ आवाजात आनंद होता. मी फोन ठेवून दिला. आता तो नातू चालायला लागलाय. परवा वावरात गेलो तर अण्णांनी त्याचे बूट काढून त्याला उंबराजवळ मातीत सोडलं होतं आणि ते त्याच्या पावलांकडे बघत बसले होते. हातात नारळ नव्हता. तरी मी जाऊन लेकराला उचललं, ओढ्यावर नेऊन पाय धुतले आणि बूट घातले. अण्णा काही बोलले नाहीत. मी म्हणालो, अण्णा, याला फक्त खेळायला आणत जा.